हाडावरचा प्रश्न

चिनी प्रजासत्ताकाचे अकरावे वर्ष. आठवा महिना, दिवस आठवा

हिचा ताप हटत नाही. एक दिवसाआड हुडहुडी, मग अंगाची नुसती भट्टी. क्वो वैद्य म्हणाले, ड्रॅगनचं हाड उगाळून पाजा. घरात आहे! वसंतात कापसाच्या शेतात नांगराला लागलं होतं, छपरात खोचून ठेवलेलं. धावत घेऊन गेलो. वैद्यांनी उलटसुलट करून परत दिलं. "यावर ओरखडे आहेत. असलं चालत नाही. साफ तासा, मग उगाळा."

सगळं गाव तासतंच. मीही खुरपं घेऊन बसलो – आणि हात थांबला. हे ओरखडे रांगेत आहेत. ओरखडे कधी रांगेत बसतात?

दिवस नववा

झोप नाही. मी रस्त्यात पडलेले लिहिलेले कागद वेचणारा माणूस. चिमट्यानं उचलायचे, देवळामागच्या भट्टीत जाळायचे, राख नदीत सोडायची. अक्षर पायाखाली आलं तर डोळे जातात, असं आई सांगायची. ही अक्षरं असली तर? ती तासू? तासून बायकोला पाजू? पण तासलं नाही तर औषध नाही!

ती म्हणाली, "अहो, हाडाकडे काय बघत बसलाय? ताप मला आलाय, त्याला नाही."

दिवस अकरावा

पेइलिनला बोलावून घेतला. धाकट्या भावाचा मुलगा, शहरात शाळामास्तर. हाड हातात घेतलं आणि दारातल्या उजेडात धरलं. "काका, ही अक्षरं आहेत. आपल्या अक्षरांची पार पणजी-खापरपणजी." आणि ड्रॅगन वगैरे काही नाही म्हणे. बैलाच्या खांद्याचं हाड.

अंथरुणातून आवाज आला, "बैलाचं होतं तर आधी सांगायचं. रस्सा केला असता."

मी विचारलं, गोष्टीतल्या चार डोळ्यांच्या त्सांगच्येनं पहिली अक्षरं केली आणि त्या रात्री भुतं रडली, ती हीच का? पेइलिन हसला. "एकट्यानं कुणी नाही केली, काका. किती हातांनी, किती पिढ्यांत झाली." जुने राजे पूर्वजांना प्रश्न विचारायचे. हाडाला आच द्यायची, तडा जायचा, तडा म्हणजे उत्तर. प्रश्न शेजारी कोरून ठेवायचा.

"यात काय विचारलंय?"

त्यानं बोट फिरवलं. "कुणी बाई आजारी आहे. बरी होईल का, असं."

"आणि उत्तर?"

"तिथं हाड मोडलंय."

हे तासू नका म्हणून माझ्या पाया पडला.

दिवस तेरावा

त्या बाईसाठी कुणीतरी विचारलं. हिच्यासाठी कोण विचारणार? हाडाची मागची बाजू कोरी आहे. मी कोरीन.

पण नाव? मी आयुष्यभर 'अगं' म्हटलं, आता 'म्हातारे' म्हणतो. वंशावळीत नुसतं माहेरचं आडनाव. विचारलं. आधी रागावली, मग चक्क लाजली. "ह्वायह्वा." माहेरच्या दारात ह्वायचं झाड होतं, त्याचं फूल. पिठात घोळून वाफवायचे. एवढा जन्म गेला आणि मला आज कळतंय!

यातलं पहिलं अक्षर मला येत नाही. वहीत मी अशा जागी गोल काढतो. पूर्वजांना गोल कसा चालेल? पेइलिन गावातच होता, त्यानं मातीत काढून दाखवलं. डावीकडे झाड. उजवीकडे – भूत!

"काका, तो अर्धा भाग नुसता उच्चारापुरता. प्रत्येक अक्षर म्हणजे चित्र नसतं. ढेकळाच्या अक्षरातही हेच भूत आहे. ढेकळात भूत असतं का?"

मला काय माहीत, असतं की नाही!

दिवस चौदावा

सकाळी दाभणानं कोरलं. झाड कोरलं, भूतही कोरलं. संध्याकाळी असा ताप चढला की मला ओळखेना. उच्चारापुरतं म्हणे! त्याचं काय जातं! मीच भुताला बोलावलं – नाव सांगून, घर दाखवून.

तासून टाकू? तिचं नाव तासू? कालच तर मिळालंय.

दिवस पंधरावा

आज पौर्णिमेचा सण. शेजारणीनं चंद्राचे केक आणून ठेवले, कुणी हात लावला नाही. ताप उतरलाय, पण उद्या पुन्हा पाळी. उद्याची हुडहुडी ती सोसणार नाही. देवळात जातो. बाकी काय करू? हाड तिच्या उशाशीच आहे.

दिवस सोळावा

हाड कोरं! दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. काल मी देवळात होतो तेव्हा तिनं उठून खुरप्यानं तासलं आणि भुकटी पाण्यातून पिऊन टाकली. तो प्रश्न, भूत, नाव – सगळं.

"वैद्यांनी सांगितलं तेच केलं. विचारणारे मेले, ज्यांना विचारलं ते त्यांच्याही आधी मेलेले. मला कशाला ओढता त्यांच्यात?"

पेइलिन उंबऱ्यावर बसून रडतोय.

दिवस मावळला. हुडहुडी आली नाही. तिनं राळ्याची पेज मागितली.

मी चुलीपासून हाक मारली – ह्वायह्वा! तिनं ओ दिली.