बरणीवरचं नाव

स्टेट कॉलेज, १४ नोव्हेंबर १९८४, संध्याकाळ

माझी रूममेट मेरी हिला आज अलास्काहून आजीचं पार्सल आलं. सील या समुद्री प्राण्याचं वाळवलेलं मांस. अपार्टमेंटभर वास! मी नाक दाबणार, तेवढ्यात तिनं टेबलावर चार वाटे केले, आम्हा चौघींचे.

"अगं, मी नॉनव्हेज खात नाही."

"खायचं की नाही ते तू बघ. वाटा काढावाच लागतो."

मग मांस ठेवायला तिनं फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. दुधावर एकीचं नाव, अंड्यांवर दुसरीचं, माझ्या लोणच्याच्या बरणीवर तर मोठ्ठं 'मृणाल'.

म्हणाली, त्यांच्या इनुइट (आपण एस्किमो म्हणतो ते) लोकांच्या गावात सील मिळाला की त्याच दिवशी घरोघर जायचा, पहिला वाटा म्हाताऱ्यांचा. आता घरोघरी फ्रीझर आलेत. तिचा भाऊ बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या पेट्रोलसाठी आठवडाभर नोकरी करतो. शिकारीला एक रविवार मिळतो, म्हणून मिळेल ते साठवून ठेवतो.

"तो वाईट नाहीये. पण आजीचं दार आता कुणी वाजवत नाही."

आणि त्याच आजीनं चौघींना पुरेल एवढं पाठवलं. मला तर ती ओळखतही नाही! आणि मी? आईचं लोणचं कुणी संपवू नये म्हणून नाव घालून बसले.

मेरी लायब्ररीत गेल्यावर बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली. नावाची पट्टी नखानं खरवडली, गरम पाणी लावलं. अर्धं नाव अजून चिकटलेलंच आहे.