सून न्हाता, बसा!

परेश,

घरात नर्स सून आल्याचा सगळ्यांत मोठा फायदा तुझ्या बाबांना झाला. वाड्यावरचे लोक प्रेशर तपासायला येतात, जाताना पपई ठेवतात, आणि बाबा सोप्यावर बसून मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगतात, "बसा, सून न्हाता." पपई मीही खाते, म्हणून आजवर गप्प होते.

आज सुविधा ड्युटीवरून आली ती नेहमीसारखी आधी न्हायला न्हाणीत गेली. बाहेर आली तर चौघे बाह्या वर सारून बसलेले. ती तशीच परत आत गेली, कडी लावली आणि नळ सोडून रडली. मी दाराबाहेरून विचारत राहिले तेव्हा कुठे बोलली. तिच्या वॉर्डातलं एक बाळ सोमवारी गेलं. तुला सांगायला बसली, तर तू म्हणालास, "जेवताना नको गे असलं." आता नोकरीच सोडते म्हणतेय.

तिच्या हॉस्पिटलने एका काउन्सेलर बाईंचा नंबर दिलाय. तिला घेऊन मी डिचोलीला त्यांच्याकडे गेलेय.

पेज झाकून ठेवलीय. प्रेशरचं यंत्र मी कपाटात घातलंय, चावी माझ्याकडे. आम्ही आल्यावर "होतंच असं, विसर" हे शहाणपण नको. तोंडात पाव कोंबून बस हवं तर, पण तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐक.

घराला एवढा मान मिळाला, त्याची किंमत कोण मोजत होतं ते मी आज दाराला कान लावून ऐकलं.

आई