दोन सुनंदा, एक नोंद

सोम., ३ नोव्हें.
सेंटरला आजपासून नवीन सिस्टम. जुनी सकाळी बंदच करून टाकली, निरोपाचा चहासुद्धा नाही. इतकी वर्षं काउंटरवर पेशंटची नोंद करताना मला कीबोर्डकडे बघावं लागत नव्हतं. आज एका आजोबांची नोंद पूर्ण होईपर्यंत ते खुर्चीत झोपून गेले.

मेहता सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "महिनाअखेरीला बघणार. ज्यांना जमेल ते काउंटरवर राहणार. बाकीच्यांचं नंतर ठरवू." बघत होते भिंतीकडे, बोलत होते मला. 'नंतर ठरवू' म्हणजे बॅग घेऊन घरोघर रक्त गोळा करत फिरायचं, नाहीतर घरी बसायचं. शांती नगरचे जिने मला आता झेपायचे नाहीत.

कंपनीचा ट्रेनर तिवारी सारखा म्हणतो, "दबाके देखिए मॅडम, कुछ फटता नहीं." मी नाही दाबत. सांगितलंय तेवढंच दाबते, त्याच क्रमाने. शाळेत भूमिती अशीच पाठ करायचे. आकृतीतली अक्षरं बदलली की रडारड.

गुरु., ६ नोव्हें.
जमलं! निदान एक गोष्ट तरी.

जुन्या सिस्टममधून आलेल्या यादीत एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी आहेत. कॉम्प्युटर स्वतःच जोड्या काढून विचारतो, 'हे दोघे एकच आहेत का?' आपण बघायचं आणि 'मर्ज' दाबायचं, दोनाची एक नोंद होते. आज दिवसभर तेच केलं. दिवाळीआधी राई गावच्या महिला मंडळाने बायकांना मॅमोग्राफीला आणलं होतं, त्या शिबिराची यादी तर नुसती पाटील नि म्हात्रे. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, जन्मतारीख तीच, फोन तोच. दाब मर्ज. मॅमोग्राफी मशीनवरची नझनीन चहाला हाक मारून गेली तरी उठले नाही.

मे. सर मागे येऊन उभे राहिले. "वैशालीबेन, आप तो फास्ट हो गईं." एवढंच, पण सगळ्यांच्या देखत!

येताना भाईंदरला उतरून जिलेबी घेतली. हे म्हणाले, "काय, इंजिनिअरबाई झाल्या वाटतं." झालेच आहे.

सोम., १० नोव्हें.
शिबिराचे रिपोर्ट आले. एक वाईट. सुनंदा हरिश्चंद्र पाटील, राई, वरची आळी. डाव्या बाजूला गाठ, डॉक्टर मॅडमना संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासायला हवा. मंडळाला फोन केला, मंडळाच्या बाई त्यांना घेऊन आल्या.

उंच आहेत. कपाळावर गोंदण. रडल्या नाहीत, नुसतं पाणी येत होतं डोळ्यांतून. "बाय, मना तर कायपन दुकत न्हाय." मी काय सांगणार? सुईच्या तपासणीची वेळ दिली, गुरु. २०, सकाळी दहा. नवीन सिस्टममध्ये ही पहिलीच वेळ मी कुणाला न विचारता टाकली. पाच मिनिटं त्याचा आनंद झाला, मग स्वतःचीच लाज वाटली.

शुक्र., १४ नोव्हें.
लिहावं की नको, कळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत एक बाई आल्या. बुटक्या, बडबड्या, भाजीची पाटी दाराशी ठेवून आल्या. "शिबिराचा रिपोर्ट न्यायाचा हाय. मंडलानं मना काय कलवला न्हाय." आपलं कार्ड पुढे केलं. त्यावरचा नंबर टाकला. स्क्रीनवर आलं, 'ही नोंद मर्ज झाली आहे.' नाव विचारलं. सुनंदा हरिश्चंद्र पाटील, राई.

उघडलं ते सोमवारच्या सुनंदाबाईंचं पान.

"माहेर कुठलं तुमचं?" असं का विचारलं, देव जाणे. बायकांना आपण विचारतो तेच तोंडात आलं.

"वसईचा. तिकरं माजा नाव द्वारका. लगीन होऊन इकरं आले तवा सासूनं सुनंदा ठेवला. मी खालचे आलीत, वरचे आलीत पन एक सुनंदा हाय, तिचा नवरा पन हरिश्चंद्र!" आणि हसल्या. गावात हा जुना विनोद असणार.

जन्मतारीख दोघींची १ जून. कुणाला खरी तारीख माहीत नव्हती, शाळेत मास्तरांनी घातली तीच राहिली. सालही दोघींच्या मास्तरांनी एकच घातलं. दोघींकडे फोन नाही म्हणून मंडळाचा नंबर. कॉम्प्युटरने विचारलं, 'एकच आहेत का?' आणि मी हो म्हटलं. पत्ते वेगळे होते. पत्ता मी बघितलाच नाही, कारण तिवारीच्या पायऱ्यांत 'पत्ता बघा' नव्हतं.

आता पानावर पत्ता एकच उरलाय, वरच्या आळीचा. मॅमोग्राफी दोन आहेत, एकाच दिवशीच्या. एक स्वच्छ, एक गाठीची. डॉक्टर मॅडमना वाटलं, फोटो दुसऱ्यांदा काढला असेल. कोणती कोणाची?

मी द्वारकाबाईंना म्हटलं, "सिस्टम बंद आहे. बुधवारी या." सिस्टम चालू होती.

शनि., १५ नोव्हें.
मे. सरांना सांगितलं नाही. दोनदा केबिनपर्यंत गेले, दोनदा पाणी पिऊन परत आले.

गाठ वरच्या आळीच्या सुनंदाबाईंचीच असेल, तर कुणाला काही कळायची गरजच नाही. हा विचार दिवसभर छळत होता असं लिहिणार होते. खोटं कशाला, दिवसभर बरा वाटत होता. पण त्यांची नसेल तर गुरुवारी धडधाकट बाईला सुई टोचतील, आणि जिला गाठ आहे ती बाजारात पालक विकत बसेल.

दुपारी जिन्यात जाऊन तिवारीला फोन. "अनमर्ज होता है मॅडम. लेकिन पासवर्ड मेहता सर के पास. और कौन सी रिपोर्ट किसकी, ये आपको बताना पडेगा. सिस्टम नहीं जानता." सिस्टम नाही जाणत म्हणे. मग पंधरा दिवस कसलं कौतुक चाललं होतं?

घरी ह्यांना सांगितलं.
"सांगून टाक सरांना."
"महिनाअखेर आलीय. काउंटर जाईल."
"मग नको सांगू."
"असं कसं नको सांगू? बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."
"मग मला विचारतेस कशाला!"
सांगायचं हे नक्की. पण नुसती रडत नाही जायची. कोणती कोणाची ते घेऊन जायची.

रवि., १६ नोव्हें.
सेंटर अर्धा दिवस. गर्दी नव्हती. ट्रेनिंगसाठी सिस्टमची एक सरावाची प्रत आहे, तिला कुणी हात लावत नाही. ती उघडली.

दोन वैशाल्या केल्या. एक भाईंदरची, एक माहेरच्या श्रीवर्धनची. मर्ज दाबलं. श्रीवर्धनची गेली. (लग्नातही तिचं तेच झालं होतं.) मग ती कुठे गेली ते शोधत बसले. कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, तिवारीने ती कधी दाखवली नव्हती. दाबली. सरावाचंच होतं, फुटलं तर फुटू दे. आत 'हिस्टरी'. कोणत्या नंबरात कोणता नंबर गेला, आधीचे दोन्ही पत्ते, सगळं तिथे पडलेलं! आणि शेजारी माझं नाव, मी मर्ज केलं म्हणून. ते लपत नाही.

मग मदतीचं पान वाचलं. सगळं इंग्रजी. फोनवर शब्द शोधत एकेक ओळ. दहावीनंतर एवढं इंग्रजी सलग वाचलं नसेल. पहिल्या वाचनात काही नाही, दुसऱ्या वाचनात थोडं, आणि तिसऱ्यांदा एकदम वाटलं, अरे, हे तर फायलींच्या कपाटासारखंच आहे. मर्ज केलं की दोन फायलींतले कागद एका फायलीत जातात. पण कागदावर लिहिलेलं कसं बदलेल?

मॅमोग्राफीचा फोटोही कागदच. त्यावर मशीन पेशंटच्या नोंदीचा नंबर छापतं, ज्या वेळी फोटो काढला त्या वेळचा. सरावात एका वैशालीला जुना फोटो जोडून पाहिला. मर्ज केलं. वर नोंदीचा नंबर बदलला, फोटोच्या कोपऱ्यातला तसाच! पुन्हा केलं, उलटं करून केलं. तसाच!

हे मला कुणी सांगितलेलं नाही. भीती तेवढीच आहे, पण आज तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी होतं. काय ते नीट लिहिता येत नाही.

सोम., १७ नोव्हें.
सकाळी आल्याआल्या नझनीनला गाठलं. दार लावून सगळं सांगितलं. तिने मशीनवर दोन्ही मूळ फोटो उघडले. मी हिस्टरीतून दोन्ही जुने नंबर काढून ठेवले होते. आधी स्वच्छ फोटो, कोपऱ्यात वरच्या आळीचा नंबर. मग गाठीचा.

"या अल्लाह," नझनीन म्हणाली, "ये तो दूसरी वाली है."

द्वारकाबाई.

मे. सर फोनवर होते. बाहेर थांबले. फोन संपेना. काचेतून त्यांनी 'नंतर' असा हात केला, तरी मी आत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. काय केलं, कसं झालं, कोणती कोणाची, कशावरून. वाक्यं पुरी झाली.

त्यांनी विचारलं, "किस किसको बताया?"
"नझनीनला. आणि तिवारीला अर्धं."
त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "पासवर्ड मैं डालूँगा. कहाँ दबाना है, बोलिए."

सांगितलं. दोन नोंदी पुन्हा दोन झाल्या. दोघींच्या पानावर शेऱ्यात मी माहेर लिहिलं, एकीचं वसई, आणि लग्नाआधीचं नाव. दुसरीचं मंडळाला विचारून उत्तन. मे. सर म्हणाले, "शिबिर की पूरी लिस्ट चेक कीजिए. एक एक. बाकी बात बाद में."

'बाकी बात' म्हणजे मी.

मंगळ., १८ नोव्हें.
दिवसभर यादी. मी मर्ज केलेली प्रत्येक जोडी उघडली, पत्ते ताडले, मंडळाला फोन करून माहेरं विचारली. अजून एक जोडी चुकलेली निघाली, म्हात्रे. दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, पण ते नशीब, माझी हुशारी नाही. सरांना पासवर्ड टाकायला लावून तीही सोडवून ठेवली.

डॉक्टर मॅडमनी दोन्ही फोटो पुन्हा बघितले. गाठ खालच्या आळीचीच. मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन फोटो दिसले की मीही विचारीन."

वरच्या आळीच्या सुनंदाबाईंना बोलावलं. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे मी सांगणार असं मे. सरांना म्हटलं होतं. सांगितलं. आधी कळेचना त्यांना. मग खुर्चीचा हात धरून मोठ्याने रडल्या. मग चिडल्या. "आठ दीस घरात चूल पेटली न्हाय बाय! माजे लेकीनं सासर सोरून इकरं मुक्काम केलाय. तुमी लोकं करताव तरी काय हितं बसून?" सगळी बाकं ऐकत होती. मी ऐकून घेतलं. बोलल्या ते बरंच झालं, नुसत्या गेल्या असत्या तर मला सहन झालं नसतं.

जाताना दारातून मागे वळल्या. "मंग कोनाला हाय ती गाठ?" मी समोरची यादी पालथी ठेवली. त्यांना कळलं. पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

बुध., १९ नोव्हें.
द्वारकाबाई आल्या. पाटी रिकामी, भाजी लवकर विकून आलेल्या. "झाला का चालू तुमचा मशीन?"

"झाला."

कार्ड घेतलं, नंबर टाकला. पान उघडलं. खालची आळी. माहेर वसई, नाव द्वारका. एक शब्द चुकीचा नाही. मी म्हटलं, "डॉक्टर मॅडमना भेटून घ्या आधी." त्यांचं हसू तिथेच गेलं. "सुनंदाची ती गाठ माजी हाय का?" गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. मी मान हलवली आणि उठून खोलीच्या दारापर्यंत गेले त्यांच्याबरोबर.

बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या, पाटीची चुंबळ हातात घट्ट धरलेली. "उद्याच करा म्हनतात."

उद्या दहाची वेळ होती, दुसऱ्या सुनंदाबाईंची, ती मोकळी झालेली. तीच टाकली. कॉम्प्युटरने विचारलं, 'नक्की?' कार्ड ताडलं, आळी ताडली, माहेर, फोटोवरचा नंबर. हो दाबलं. या महिन्यात पहिल्यांदा मला नीट माहीत होतं मी काय दाबतेय ते, आणि दाबून झाल्यावर हुंदका आला. खाली वाकून उगाच वायर सारखी केली.

"लय दुकतं का गो सुईनं?"
"भूल देतात. मुंगी चावल्यागत तेवढं."
"तू असशील ना उद्या हितं? तुजेकरं माजा समदा बराबर लिवलेला हाय. दुसरी कोन बसली तर परत घोल करील."

मे. सर केबिनमध्ये होते. सोमवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आज त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती, हातात फाइल, मुलाखतीला आल्यासारखी.

"असेन," मी म्हटलं.