हेलिकोनिया काही केळ नाही

चौल,
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप आईंना,
अमिषाचा नमस्कार. राग असला तरी पाया पडायचं मी सोडलेलं नाही.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि पूनमताई उचलतात तेव्हा "आई झोपलीय" म्हणतात. सकाळी दहालाही झोपलेल्या, संध्याकाळी सहालाही! म्हणून हे पत्र कुलदीपच्या मिनिडोर रिक्षातून रेवसला पाठवते आहे. चष्मा लावून स्वतः वाचा, लेकीच्या हातात देऊ नका.

इकडे सगळं ठीक. विहिरीला पाणी आहे. तुमचे चिरंजीव ट्रेलर घेऊन गुजरातला गेलेत, आठवडाभर तरी येत नाहीत.

माझी हेलिकोनियाची बेटं मात्र बघवत नाहीत. दोन वर्षं सुपारीच्या सावलीत शेण-पाचोळा घालून वाढवली. अलिबागचा मंडपवाला या मोसमात लग्नांसाठी फुलं नेणार होता. मी बाजारात गेले काय आणि तुम्ही कोयती घेऊन वाडीत शिरलात काय! वर मलाच म्हणता, "मुनवं ठेवलं तं घड बारीक येतं, इतकं पन तुला म्हाईत न्हाय?" आई, ती केळ नाही हो! पानं केळीसारखी असली म्हणून काय झालं? केळीला बुंध्याशी फुटलेला एक मुनवा ठेवून बाकीचे काढतात. हिचं बेट दाट झालं तरच फुलं भरपूर येतात. एक खोड एकदाच फुलतं, पुढची फुलं मुनव्यांवर. नेमके तेच सगळे तुम्ही काढलेत, अंगणात ढीग रचलात आणि कौतुकाची वाट बघत उभ्या राहिलात. मी ओरडले. कुणीही ओरडलं असतं.

आता गावभर सल्ले. आवडाबाई म्हणते ताक घाल. रघू कुंपणाला काळी बाहुली बांधून गेला. परवा उरलेल्या एका खोडावर लांबलचक फूल लोंबलं, खेकड्याच्या लाल नांग्या एकाखाली एक ओवल्यासारखं. तर आवडाबाई म्हणते, "सासूचा हात लागला ना, म्हनून." तुमचा हात वगैरे काही नाही. ते येणारच होतं. उगाच हुरळून जाऊ नका.

काढलेले मुनवे मी परत लावलेत. निम्मे कुजले.

पूनमताईंचा निरोप मिळाला. तुम्ही आता तिकडेच राहणार म्हणे. मागची खोली रंगवून झालीय, तुमची पत्र्याची पेटी तेवढी पाठवायची. पेटी पाठवलेली नाही. पाठवणारही नाही.

जाताना उंबऱ्यात तुम्ही म्हणालात, "माझं या घरान आता काय काम हाय?" तेव्हा मी रागाने पाठ फिरवली. उत्तर आता देते. काम काहीच नाही, आई. सुपारी सोलायला बाई मिळते. वाडीला पाणी मी लावते. आमटी तर मी तुमच्यापेक्षा बरी करते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण काल माझा भात करपला, पार कोळसा झाला, आणि घरात कुणी एक शब्द बोललं नाही. मी गॅसपाशी उभी राहून रडले. माणूस काय कामासाठीच लागतं का घरात?

या आणि पुन्हा वाडीत शिरा. मी ओरडेन, तुम्ही दुप्पट ओरडा. मला चालेल. हे असं गप्प घर मला चालत नाही.

एकच विचारते. पूनमताई अशा ओरडल्या असत्या, तर तुम्ही त्यांचं घर सोडलं असतं? नसतंच. दोन दिवस तोंड फुगवून बसल्या असतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याच ताटात मासा वाढला असतात. मग मीच कशी परकी झाले?

तुमची धाकटी लेक,
अमिषा