बसून दुखणारे पाय

२ मार्च
पुन्हा पाय! गुडघ्याखाली आतून कुणी पीळ घालतंय असं. मी आईला उठवलं नव्हतं, आपणहूनच उठली आणि दाबत बसली. दिवसभर शिवणकारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते ती. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात, खुर्चीवर. आणि पाय दुखतात माझे!

५ मार्च
रिपोर्ट आले. सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, "काही सापडत नाही. मनाला काही लागलंय का?" मी म्हटलं, "छे!"
घरी बाबा — "आमच्या घराण्यात पदवी घेणारी तू पहिली, आणि बसून पाय दुखणारीही तूच पहिली!" सगळे हसले. मीही.
आईने कागद घडी करून जपून ठेवले.

९ मार्च
आईच्या शेजारच्या टेबलावरची मावशी जिन्यात भेटली. "काय गं ऑफिसरबाई, आमच्या स्टुलांचं कुठवर आलं?"
"साहेब विचार करताहेत."
खोटं! अर्ज मी दिलेलाच नाही. इस्त्रीवाल्या बायकांना आळीपाळीने तरी बसायला मिळावं — मीच लिहिला होता. चौदा सह्या. पहिली आईची. आठ दिवस गिरवून घेतली मी तिच्याकडून. साहेबांच्या दारापर्यंत गेले... आणि आठवलं, मला अजून कायम केलेलं नाही. तशीच मागे फिरले. दीड महिना झाला. अर्ज घरी, पदवीच्या फाइलमध्ये.
कॉलेजात हक्कांवर भाषण ठोकून कप आणला होता मी. तो अजून कपाटावर आहे.

१२ मार्च
माझ्या पायांचं साहेबांच्या कानावर गेलं. टेबलाखाली पाय टेकायला स्टूल पाठवलं. माझ्यासाठी! मागितलंही नव्हतं.
दिवसभर पाय जमिनीवरच ठेवले. दुपारी आई माझा विसरलेला डबा द्यायला आली. स्टुलाकडे बघितलं. "बरं झालं हो," एवढंच म्हणाली.

१३ मार्च
डोळा लागला नाही. आईचाही.

१४ मार्च
पाय दाबता दाबता आई म्हणाली, "डॉक्टरांचे कागद मी तुझ्या पदवीच्या फाइलमध्ये ठेवलेत." पुन्हा दाबू लागली. मग — "मला बाकीचं वाचता येत नाही गं. माझी सही तेवढी ओळखते."
मी पाय ओढून घेतले. तिने ते परत मांडीवर घेतले.