काचेवरचं पिल्लू

३ मार्च

भूत बदललं!

मनिलाहून निर्मातीबाईंचा फोन आला होता. माझ्या पटकथेतला सूड घेणारा आत्मा म्हणजे पन्नाशीचा, पोट सुटलेला रेडिओवाला. नदीतली वाळू उपसणाऱ्यांविरुद्ध रोज सकाळी बोलणारा, म्हणून गोळ्या घालून मारलेला. मेल्यावर त्याचा आवाज गावातल्या प्रत्येक रेडिओतून यायला लागतो. बाई म्हणाल्या, "आवाजाला कोण तिकीट काढतं, लिगाया? भूत दिसायला हवं. तरुण हवं. केस लांब." आता रेडिओवाला सुरुवातीलाच मरून गप्प पडणार. सूड त्याची मुलगी घेणार – नदीत जीव देऊन, पांढरा झगा घालून.

या देशात सूड घ्यायचा तर आधी वजन कमी करावं लागतं.

मुळात ही गोष्ट माझ्या नवऱ्याची, सेवेरोची. त्याला हे सांगितलं असतं तर खो खो हसला असता. मग गंभीर होऊन म्हणाला असता, "माझं पोट सुटलेलं नाही."

७ मार्च

सरकारी वकिलाकडे जाऊन आले. सेवेरोच्या खुनाचा एकच साक्षीदार होता, तीनचाकी चालवणारा. आता म्हणतो, उन्हामुळे डोळे दिपले होते, मोटरसायकलवरचे दोघे दिसलेच नाहीत. वर्षभर दिसत होते. ऊन यंदा फार कडक आहे.

वकील चांगला माणूस आहे. पंख्याखाली बसून घाम पुसत म्हणाला, "बाई, आतला कोणी बोलला तरच. नाहीतर या महिन्यात प्रकरण बंद."

परत येताना पुलोंग जीप चालवत होता. हा माझा धाकटा दीर. सेवेरो गेल्यापासून छप्पर गळलं तर हा, गॅस संपला तर हा, कोर्टात जायचं तर हा. वाटेत म्हणाला, "सोडून द्या आता, वहिनी. तब्येत बघा स्वतःची." मी म्हटलं, "तब्येत उत्तम आहे. तीच तर अडचण आहे."

८ मार्च

सेवेरो स्वप्नातसुद्धा येत नाही. लोकांच्या भुतांना वेळच वेळ. माझंच तेवढं कामात.

१२ मार्च

मंडळी आली. आमच्याच गावात, चर्चच्या सभागृहात चित्रण. दिग्दर्शकाला सगळे 'डिरेक' म्हणतात. वय माझ्या निम्मं, टोपी उलटी. शवपेटीभोवतीचे शोकाकुल लोक म्हणून गावातलीच माणसं घेतलीत. सासूबाई पहिल्या रांगेत. डिरेक त्यांना समजावू लागला, "आजी, असं समजा की तुमचा मुलगा गेलाय–"

"समजते," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझा कॅमेरा बघ."

पेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू ठेवायचं आहे. खून झालेल्याच्या पेटीवर आम्ही ठेवतोच. काचेवर तांदूळ टाकायचे, पिल्लू टिपतं, आणि प्रत्येक चोचीसरशी खुन्याचं मन टोचलं जातं. सेवेरोच्या पेटीवरही सासूबाईंनी ठेवलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, ज्यांचं मन टोचायचं त्यांना आधी ते असायला हवं.

रेडिओवाल्याचं काम करणारा नट पेटीत झोपायला तयार नाही. म्हणतो, पेटी माप लक्षात ठेवते. चार खून केलेत त्याने पडद्यावर, पण झोपायची भीती. डिरेक हवालदिल. मीच पुलोंगचं नाव सुचवलं. अंगकाठी अगदी सेवेरोची.

पुलोंग नको नको म्हणत होता. "वहिनी, लोक हसतील."

"हसू देत. या घरात कोणी हसून वर्ष झालं."

१५ मार्च

लिहायला हात वळत नाही, तरी लिहिते.

खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी रात्र केली. पुलोंगच्या तोंडावर पांढुरकी पावडर. पेटीत शिरताना त्याने मला डोळा मारला – सेवेरो मारायचा तसा. मी मान फिरवली. झाकण लागलं. काचेवर तांदूळ, तांदळावर पिल्लू. बायकांनी जप सुरू केला. पिल्लाची चोच काचेवर – टक. टक टक. बरोबर त्याच्या तोंडाच्या वर.

ठरलं होतं की मृताने डोळे मिटून पडून राहायचं. डोळे उघडले. मग आतून धडाधड धक्के! लाकूड फुटेल असे. आतून काय ओरडत होता ते जपात ऐकू आलं नाही. पिल्लू घसरून पडलं. बायका किंचाळल्या, आणि डिरेक आनंदाने कुजबुजला, "थांबवू नका! कोणी थांबवू नका!"

झाकण मीच उघडलं. पुलोंगने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पावडर लावलेल्या तोंडानेच उन्हात चालता झाला.

मागे हशा पिकला. "आधी त्या नटाला हसलात ना? आता बघा!" कोणीतरी म्हणालं.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

१६ मार्च

प्रेताजवळून निघालं की सरळ घरी यायचं नसतं. मध्ये कुठेतरी थांबायचं, म्हणजे मागे लागलेलं तिथेच झटकलं जातं. काल खोटी पेटी, खोटं प्रेत – तरी अख्खी मंडळी इमानदारीत नाक्यावर शेवयांचं सूप प्यायला गेली. डिरेकसुद्धा! मनिलाचं शिक्षण, पण सूप दोन वाट्या.

पुलोंग मात्र सरळ घरी गेला. सासूबाईंनी दारातच धरला. "थांबला नाहीस कुठे? आणलंस ना घरात?" तो आत जाऊन पडला. अंगात ताप.

१९ मार्च

पुलोंग जेवत नाही. नारळाच्या दुधातलं अळू – त्याचा जीव की प्राण – ताटात तसंच. झाडफूक करणारा म्हातारा आला. मेण वितळवून पाण्यात ओतलं, आकार बघितला. म्हणाला, "माणूस आहे." मी म्हटलं, "आजोबा, तुमच्या मेणात नेहमी माणूसच निघतो." म्हातारा रागावला. सासूबाईंनी ते मेण उचललं आणि कितीतरी वेळ हातात धरून बसल्या.

२२ मार्च

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. पुलोंगने हाक मारली.

"वहिनी, त्यांनी एवढंच विचारलं होतं, दादा कधी निघतो, कुठल्या रस्त्याने. म्हणाले, नुसतं घाबरवायचंय."

कोण 'ते', हे विचारावं लागलं नाही. वाळूवाले.

"काय देणार होते?"

"ट्रकवर नोकरी."

"दिली?"

"नाही."

त्या दिवशी सेवेरोला रेडिओ केंद्रावर जीपने पुलोंगच सोडणार होता. पोट दुखतं म्हणाला, म्हणून सेवेरो मोटरसायकलवर एकटा गेला. मी विचारलं, "पोट खरंच दुखत होतं?"

"खरंच दुखत होतं, वहिनी. आदल्या रात्रीपासून."

यावर माझा विश्वास बसला. बाकी सगळ्यापेक्षा याचाच राग आला.

नुसतं घाबरवायचंय! अरे, घाबरवायचा धंदा माझा आहे. मला विचारायचं होतंत!

२३ मार्च

आतला कोणी बोलला तरच, असं वकील म्हणाला होता. आतला म्हणजे आमच्या घरातला, हे त्याने सांगितलं नव्हतं.

पुलोंग बोलला तर वाळूवाले त्याला कोठडीतही जगू देणार नाहीत. नाही बोलला तर सेवेरो फुकट मेला. आणि मधे ही म्हातारी. दोनच मुलं तिची. त्यातलं एक गेलं. दुसरं मी नेऊ?

वर्षभर आत्म्याची वाट पाहिली. आता ये म्हणायची भीती वाटते.

२४ मार्च

नाही सांगणार. सासूबाई त्याला चमच्याने पेज भरवत होत्या. पाहिलं, आणि ठरलं. सेवेरो, शिव्या दे. पण कुठून तरी दे.

२६ मार्च

डिरेकचा फोन, मनिलाहून. "लिगायाताई, पेटीचा तो शॉट! बाईंना वेड लागलंय. जाहिरातीत तोच वापरणार. तुमच्या दिरासारखी भीती कुणाला करता येत नाही. शिकलाय कुठे?"

म्हटलं, "घरीच."

फोन ठेवला आणि पुलोंगची पेज ढवळायला गेले.

२९ मार्च

वर्ष झालं. काळे कपडे उतरवायचा दिवस. प्रार्थना संपली तशा सासूबाईंनी पुलोंगचा हात धरला आणि चर्चमधून त्याला सरळ सरकारी वकिलाकडे घेऊन गेल्या. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून. संध्याकाळी एकट्याच परत आल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं, आई?"

"काचेतून तोंड दिसत होतं त्याचं. तू कॅमेऱ्याच्या बाजूला होतीस."

मी त्यांचा फुलाफुलांचा झगा पुढे केला. त्यांनी तो घेतला, नीट घडी घातली आणि परत पेटाऱ्यात ठेवला.

"थोरल्याचा दुखवटा संपला, पोरी. धाकट्याचा आजपासून."