फुसाएच्या नावाचं कार्ड

सेंदाई, ६ नोव्हेंबर २००९

प्रिय फुसाए,

वि. वि. (नमस्कार केला की तू हसतेस आणि आशीर्वाद दिला की चिडतेस, म्हणून आधीची अक्षरं गाळली आहेत.)

किण्ण, खट्ट, किण्ण. सकाळपासून हा आवाज कानात आहे. आमच्या जुन्या घरी आईचं खणांचं कपाट होतं, त्याच्या लोखंडी कड्यांचा हा आवाज. सणाच्या आदल्या दिवशी ताईसाठी त्यातला एक खण उघडायचा. आई तिच्या अंगावर लाल अस्तराचा किमोनो धरून बघायची, ताई खुदुखुदु हसायची, आणि सरकत्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मला सांगितलं जायचं की जा, बाहेर खेळ. सात वर्षांचा होतो मी. पुढे पस्तीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या, एकेका शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून दिला. पण मत्सर या शब्दाचा अर्थ मी त्या कड्यांच्या आवाजातच शिकलो होतो.

असो. म्हातारपणी असले आवाज येतात. तुझ्या सूचनेप्रमाणे मुळ्याच्या लोणच्यावर दगड ठेवलाय, तुझ्या कपड्यांना ऊन दाखवलंय. सासूबाईंचं खुब्याचं हाड आता जुळत आलं असेल. शेजारच्या बाईंनी विचारलं की तू कधी येणार. मी म्हटलं, बर्फ वितळल्यावर. मग तीन ओळी सुचल्या:

हिवाळी ऊन
तुझ्या उशीशी आलं,
तू नाहीस बघून गेलं.

पोरांनी लिहिल्या असत्या तर दहापैकी सहा दिले असते. लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवायचा तर परत आल्यावर वाढव.

तुझा,
तामोत्सु

*

साकाता, १३ नोव्हेंबर

अहो,

ना स. न., ना वि. वि. सरळ विचारते. ही बाई कोण?

इथे येताना माझी पत्रं साकात्याला पाठवावीत म्हणून मी पोस्टात पत्ताबदलाची चिठ्ठी दिली होती. तुम्ही ते विसरलात, जसं सगळं विसरता. काल एक कार्ड आलं. स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानातून, दुसऱ्या मजल्यावरच्या कोन्नो नावाच्या मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. अक्षर सुरेख आहे. लिहिते की ओनोदेरा-सामा (म्हणजे मी बरं का), ती जांभळट शाल आपल्या उंचीला फार शोभते. कोटाच्या बाह्या लांब करून वीस तारखेपर्यंत तयार होतील. त्या दिवशी आपली पर्स सापडली तेव्हा तिच्याही जिवात जीव आला म्हणे.

माझी उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर आहे हो. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली एकोणचाळीस वर्षं मी तुम्हाला हाक मारतेय, आणि तुम्ही तिसऱ्या हाकेला येताय. कोटाच्या बाह्या माझ्यासाठी आजवर कोणी लांब केल्या नाहीत, कापल्याच.

माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून आले होते. ते घरात शिरल्याशिवाय कोणाच्या हाती लागणार नाही. म्हणजे ती घरात येते. लोणच्यावरचा दगड तिनं उचलला का? तुमच्या कंबरेला तर तो झेपत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आणि जांभळा रंग! मी घेते म्हटलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात की माझ्या वर्णाला जात नाही. तिच्या जातो वाटतं.

आईला काही बोलले नाही. डोळे का लाल म्हणाली, तर कांदा चिरत होते म्हटलं. कांदा नव्हताच घरात.

कविता पाठवू नका. नाव पाठवा. लोभाचं मागाहून बघू.

फुसाए (खरी)

*

सेंदाई, १७ नोव्हेंबर

प्रिय फुसाए,

नमस्कार, आणि हा खरोखर वाकून.

नाव मागितलंस. तिचं नाव तामोत्सु. ती उंच बाई मीच आहे.

एवढं लिहून मी तासभर बाहेरच्या झाडाची पानं गळताना बघत बसलो. आता सांगतो. तू मंगळवारी फुलांच्या वर्गाला जायचीस तेव्हापासूनचं आहे हे, सहा वर्षं झाली. माळ्यावर उत्तरपत्रिकांची ट्रंक आहे ना, जिला हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं? तिच्यात उत्तरपत्रिका नाहीत. दोन स्कर्ट, एक विग आणि बुटांचा जोड आहे. दुसरी कोणी बाई नाही, कधी नव्हती. दगडही मीच उचलला, त्याचे भोग कंबर भोगतेय.

तू म्हणशील, मग रोख द्यायचे होते, कार्ड कशाला? सुरुवातीला रोखच देत होतो. पण रोख देणाऱ्याला नाव नसतं. पैसे घेतात, पिशवी देतात, संपलं. एकदा परगावच्या दुकानात माझं स्वतःचं कार्ड दिलं. त्या माणसानं कार्डावरचं तामोत्सु वाचलं, माझ्या ओठांवरचा रंग पाहिला, वरिष्ठाला बोलावलं. लायसन्स मागितलं. लायसन्सवर टाय लावलेला मी. मागे रांग. एक बाई आपल्या मुलीला बाजूला ओढून काहीतरी कुजबुजली. मी ब्लाऊज तिथेच टाकून निघालो आणि स्टेशनपर्यंत मान वर केली नाही.

तू साकात्याला गेलीस आणि देव्हाऱ्याखाली तुझं कार्ड दिसलं. कोन्नोसाननं ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, आणि ओनोदेरा-सामा म्हणून हसली. बस, एवढंच. दुसऱ्यांदा कोणी बघितलं नाही. तुझ्या नावाची सही केली. चूक होती, कळत होतं.

ऑक्टोबरात चौथ्या मजल्यावरच्या चहाच्या जागी मी पर्स विसरलो. थोड्या वेळानं सगळ्या दुकानभर घोषणा झाली: ओनोदेरा फुसाए-सामा, तळमजल्यावर यावं. मी ताडकन उठलो. काऊंटरवर जन्मतारीख विचारली. शोवा अठरा सालची सत्तावीस फेब्रुवारी, न अडखळता सांगितली. मग फोटो असलेलं काही आहे का म्हणाले. कोन्नोसान धावत आली, म्हणाली की बाईंना मी चांगली ओळखते. सुटलो.

जिना उतरताना मला तुझा हेवा वाटला, फुसाए. ते नाव तुला कोणाला न विचारता मिळालेलं आहे. मी पुन्हा दाराबाहेरच.

लोभ मागायची लायकी नाही. तरी मागतो.

तामोत्सु

*

साकाता, २६ नोव्हेंबर

अहो,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. बाईचे कपडे घालता याचा राग यायला हवा म्हणून बराच शोधला. राग आहे, पण भलत्याच जागी सापडला. एकोणचाळीस वर्षांत माझा वाढदिवस तुम्हाला एकदाही आठवला नाही. दर मार्चमध्ये कपाळावर हात मारून घेता. आणि तिथे, तिची म्हणून तारीख विचारली तर न अडखळता! मी तीनदा हाक मारावी तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रातून मान काढता, आणि तिला एक हाक मारली तर ताडकन उठलात.

मंगळवारी वहिनीला आईजवळ बसवून मी बसनं सेंदाईला आले होते. तुम्हाला कळवलं नाही. माझ्या नावाचा कोट मला बघायचा होता.

तुमची कोन्नोसान गोड आहे, गालाला खळी पडते. मी तिनंच पाठवलेलं कार्ड पुढे केलं, वर माझं आरोग्य विम्याचं कार्ड ठेवलं, म्हटलं मी ओनोदेरा फुसाए. तिनं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, आणि इतक्या नम्रपणे की मला तिचा गालगुच्चाच घ्यावासा वाटला, म्हणाली, ओनोदेरा-सामांना ती चांगली ओळखते. मी त्यांची थोरली बहीण का? थोरली! तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहात!

फोटो असलेलं काही आहे का, तिनं विचारलं. माझ्याकडे काय असणार? गाडी शिकायची म्हटलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, तू शेजारी बसून नकाशा वाच. जन्मतारीख सांगितली तर म्हणते, घरच्यांना ती माहीत असतेच. घरच्यांना! मी तिथे हसले की रडले, आठवत नाही. शेवटी तिनं सुचवलं की ओनोदेरा-सामांकडून शिक्क्यासह अधिकारपत्र आणलं तर कोट माझ्या हाती देता येईल. म्हणजे मी मलाच लिहून द्यायचं की मला माझा कोट घ्यायची परवानगी आहे.

माझा चेहरा कुठल्याच कागदावर नाही, आणि माझ्या नावावर मात्र तुमचा चेहरा बसलाय.

वर ती तुमचं कौतुक सांगत होती. ओनोदेरा-सामा किती मायाळू, तिच्या आजारी आईची चौकशी करतात, कधी कधी कवितेच्या ओळी म्हणून दाखवतात. मला म्हणून दाखवता तेव्हा मी भांडी घासत असते आणि तुम्ही माझ्या पाठीशी बोलत असता. तिच्याकडे तोंड करून म्हणता ना?

घरी न येता त्याच बसनं परतले. खिडकीतून आपली गल्ली दिसली. कार्ड पाठवून द्या.

फुसाए (पुरावा नसलेली)

*

सेंदाई, ३ डिसेंबर

प्रिय फुसाए,

वि. वि. कार्ड रजिस्टर पोस्टानं वेगळं पाठवलंय. पाकिटात घालताना तुझ्या नावावरून बोट फिरवलं. नावाची अक्षरं उठावाची असतात, हे इतके दिवस लक्षात आलं नव्हतं.

काल दुकानातून फोन आला. तू विम्याचं कार्ड दाखवून गेलीस ते विभागप्रमुखांच्या कानावर गेलं, त्यांनी पत्ता, जन्मतारीख सगळं ताडून पाहिलं, आणि त्यांना घाम फुटला. खऱ्या ग्राहकाला खोटं ठरवलं! विचारत होते की परवा आलेल्या बुटक्या बाई (क्षमा कर, ते लहानखुऱ्या म्हणाले) आपल्या कोण. मी म्हटलं, माझी बायको, ओनोदेरा फुसाए. मग त्या उंच बाई कोण, असं त्यांनी विचारलं. मी फोनची तार बोटाला गुंडाळत राहिलो. त्यांना वाटलं मी संतापलोय.

तेव्हा येत्या तेरा तारखेला, रविवारी दुपारी तीन वाजता, ते आणि कोन्नोसान मिठाईचा डबा आणि तो कोट घेऊन तुझी माफी मागायला घरी येणार आहेत. मी नको नको म्हटलं. असं म्हटलं की ते जास्तच येतात, तुला माहीत आहे. कोन्नोसानची नोकरी या एका गोष्टीवर अडली असावी, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. तिनं कोणाला तरी ओळखते म्हणून सांगितलं होतं ना, दोनदा.

त्या मुलीनं माझ्यामुळे जमिनीला कपाळ टेकायचं नाही. मी खरं सांगणार आहे. पोलिसात गेलं तर जाईल.

माफी तुझी आहे. येऊन घे. तू नसताना ती मी घेतली तर तेही तुझ्याकडून उचलल्यासारखंच होईल.

तामोत्सु

*

साकाता, ८ डिसेंबर

अहो,

पोस्टकार्डावर मावेल एवढंच. मी येणार नाही. आईला खोकला आहे, वहिनीला वेळ नाही, बसमध्ये पाय सुजतात. दुकानाला जी फुसाए हवी आहे ती त्या घरात आहेच, तिनंच मिठाई खावी. माझा वाटा ठेवू नका. कार्ड मिळालं. मी आजवर कधी न वापरलेलं माझं कार्ड इतकं गुळगुळीत झालंय, कोणाच्या हातानं ते विचारत नाही.

फुसाए

*

सेंदाई, १३ डिसेंबर, रविवार, दुपारचे दोन

प्रिय फुसाए,

स. न. वि. वि. आज सगळी अक्षरं लिहिली. तू येणार नाहीस तरी हे तुलाच लिहितोय, कारण नुसतं बसलो तर सारखं घड्याळ बघतो आणि लिहिलं की ते विसरतो. परीक्षेच्या दिवशी पोरांना मी हेच सांगायचो.

सकाळी टाय बांधून आरशासमोर उभा राहिलो. अगदी लायसन्सवरच्या फोटोसारखा दिसत होतो. मग वाटलं, कोन्नोसान या म्हाताऱ्याला ओळखतच नाही. या माणसानं सांगितलेलं खरं तिला कसं पटणार? तो बायकोची बाजू सावरतोय असंच वाटेल. टाय सोडला. माळ्यावरून ट्रंक उतरवली. तिची कडी वाजली, किण्ण, आणि मी चक्क मागे वळून पाहिलं, कोणी बाहेर जा म्हणतंय का. आता राखाडी स्कर्ट, जांभळट शाल आणि विग घालून बसलोय. टेबलावर लायसन्स ठेवलंय. हा चेहरा आणि तो फोटो, दोन्ही शेजारी शेजारी. त्याखाली नाव माझंच, तामोत्सु. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आधी चार कप मांडले होते. मग एक उचलून ठेवला. मग परत मांडला, तिथे तुझ्या नावानं थोडा चहा ओतीन, असं काहीतरी बावळट मनात आलं. तुझी माफी ऐकायला तुझा कप तरी असावा.

तू एकदा विचारलंस की कविता तिच्याकडे तोंड करून म्हणतो ना. हो, फुसाए. तिथे लाज वाटायची नाही, कारण तिथे तामोत्सु नव्हता. तुझ्याकडे तोंड करून म्हणायची तर या दोघांनाही, तामोत्सुला आणि त्या बाईला, एकदमच उभं राहावं लागलं असतं. तुझ्या पाठीला म्हणणं सोपं पडायचं.

बेल वाजली. अजून अडीचसुद्धा नाहीत. ही मंडळी नेहमीच लवकर येतात म्हणा. बघून येतो.

बघून आलो. पेनचं टोपण लावायला परत आलोय. दाराच्या भोकातून माणूस दिसलाच नाही, खाली फक्त पिकल्या केसांचा भांग दिसला, त्यावर बर्फाचे चार कण. तेवढ्या उंचीचं एकच माणूस मला माहीत आहे. चवड्यांवर उभा राहून आणखी खाली पाहिलं. तू हातातल्या आरशात बघून ओठांना रंग लावत होतीस. जांभळट. किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, तरी पाहुण्यासारखी बेल वाजवलीस.

आता पुन्हा वाजवतेयस, आणि मला हाकही मारतेयस. पहिली हाक आहे. विग काढत नाही. उठलो.